शिक्का आणि माती

आपल्याकडे 'चिनी माती' हा शब्द पांढऱ्या, चकचकीत, टिचकी मारली असतां खणखणणाऱ्या भांड्यांना लावतात. ज्या चहादाण्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे त्या चीनच्याच मातीच्या असल्या तरी या अर्थानें 'चिनी मातीच्या' नव्हेत. त्यांच्यावर झिलई नसते, चित्र क्वचित् असतें, रंग विटकरी, जांभळट किंवा मळकट पिवळा असतो; आणि अनोळखी माणसानें एखादी प्रथम पाहिली तर आपल्याच कुंभारवाड्यांतलें हें एखादें नीटस भांडें असावें असें त्याला वाटेल. शांघायच्या पश्चिमेस ताइ नांवाचें मोठें सरोवर आहे. त्याच्या पश्चिम बाजूस, च्यांगसू प्रांतांत, यीशिंग हें गांव आहे. तेथल्या टेकड्यांत सांपडणाऱ्या कणीदार मातीला तेथले लोक त्झिशा, म्हणजे 'जांभळी रेती', म्हणतात. गेलीं सुमारें पांच शतकें या मातीच्या चहादाण्या तेथें होत आल्या आहेत, आणि जवळजवळ तितक्याच काळापासून त्यांच्या खऱ्याखोट्याचा वादही चालूं आहे.

या वादाचें वाङ्मय आतां बरेंच वाढलें आहे. चीन, जपान, हाँगकाँग, तैवान येथें त्यावर ग्रंथ झाले आहेत, शिक्क्यांच्या याद्या छापल्या गेल्या आहेत, लिलांवांच्या सूची तर दर हंगामास निघतात. यांपैकीं बहुतेकांत एक समान दोष आम्हांस दिसतो. जाणकार म्हणविणारा मनुष्य चहादाणी हातीं घेतो आणि प्रथम ती उलटी करतो. बुडावरचा शिक्का वाचतो, तें नांव यादींत शोधतो, यादींत त्या नांवापुढें जो काल दिला असेल तोच त्या भांड्याचा काल ठरवितो. आणि मग राहिलेला सर्व पुरावा त्या निकालाशीं जुळवून घेतो. आमच्या मतें हा क्रम नेमका उलट हवा. यीशिंगच्या भांड्यांत शिक्का हा सर्वांत दुबळा साक्षीदार आहे, आणि तो दुबळा कां, याचीं कारणें त्या कलेच्या इतिहासांतच आहेत. केवळ लबाडी हें त्याचें कारण नव्हे. लबाडी तेथें आहेच, पण ती सगळी हकीकत नव्हे.

चिंगदेचेनच्या चकचकीत भांड्यांचा काल ठरवितांना परीक्षकाच्या हातीं पुष्कळ साधनें असतात: निळ्या रंगाची छटा, झिलईचा पोत, बुडाच्या कड्याची घडण, चित्रांतील झाडें-माणसें, आणि बादशहाच्या कारकीर्दीचें नांव. कारकीर्दीचीं नांवेंही खोटीं घातलेलीं असतात. खांगशी बादशहाच्या काळांत (१६६२–१७२२) केलेल्या भांड्यांवर दोनशें वर्षांपूर्वींच्या छंगह्वा कारकीर्दीचें नांव घालण्याची रीतच होती. परंतु तेथें एका साधनाचा खोटेपणा दुसऱ्या चार साधनांनीं पकडतां येतो. यीशिंगच्या भांड्यावर बहुधा झिलई नाहीं, निळा रंग नाहीं, चित्र नाहीं. आणि आकार तर पिढ्यान् पिढ्या तेच. पूर्वसूरींचा आकार हुबेहूब वठविण्यांत तेथला कारागीर कमीपणा मानीत नाहीं. त्याचें शिक्षणच त्या वाटेनें होतें. अशा स्थितींत भांड्यावरचीं दोन-चार अक्षरें हाच काय तो आधार असें वाटूं लागलें तर नवल नाहीं. दुसरा साक्षीदार पुढें येईना म्हणून पहिल्याच्या शब्दाला किंमत आली, एवढाच त्याचा अर्थ.

या विषयावरचा पहिला ग्रंथ चौ गाओछी यानें १६४० च्या सुमारास लिहिला. ग्रंथ लहान आहे, परंतु मिंग काळच्या कारागिरांची परंपरा, मातीचे प्रकार, चहा करण्याच्या रीतीभाती अशी बहुमोल माहिती त्यांत आली आहे. चौ सांगतो कीं, चिनशा नांवाच्या मठांतील एका भिक्षूनें अशी चहादाणी प्रथम केली. त्या भिक्षूचें नांव कोणासच ठाऊक नाहीं. पुढें वू आडनांवाचा एक विद्वान् गृहस्थ त्या मठांत अभ्यासासाठीं राहिला असतां त्याचा चाकर गोंगछुन यानें भिक्षूची कृति चोरून पाहिली, आणि स्वतः तशी चहादाणी बनविली. ही गोष्ट चंगद कारकीर्दींतली (१५०६–१५२१) मानतात. म्हणजे चौ लिहीत होता तो तिच्यानंतर सव्वाशें वर्षांनीं. मठ, निनांवी साधु आणि आडून पाहून विद्या मिळविणारा हुशार चाकर हा साचा आपल्या ओळखीचा आहे. एकलव्याला गुरूची मूर्ति तरी करावी लागली. गोंगछुनला तेवढीही खटपट पडली नाहीं. कलेला मूळपुरुष लागतो, आणि तो मिळाला नाहीं तर ती तो घडविते.

म्हणून चौचें पुस्तक टाकाऊ ठरत नाहीं. कहाणी सांगतांना तो जितका सैल आहे तितकाच धंद्यांतील बारकावे सांगतांना नेमका आहे. तो लिहितो कीं, आरंभीच्या काळांत या चहादाण्या रांजण-बरण्यांच्या आव्यांतच उघड्या भाजल्या जात, आणि त्या रांजणांच्या झिलईचे थेंब उडून त्यांच्यावर अश्रूंसारखे डाग पडत. ली माओलिन नांवाच्या कारागिरापासून त्या वेगळ्या मातीच्या भांड्यांत बंद करून भाजूं लागले, आणि डाग नाहींसे झाले. हें विधान तीनशें वर्षें नुसतें वाचलें जात होतें. १९६६ सालीं नानजिंग शहराच्या वेशीबाहेर वू चिंग नांवाच्या मिंग दरबारांतील खोजाचें थडगें उघडण्यांत आलें. त्याचें दफन १५३३ सालचें. त्यांत सुमारें १८ सेंटिमीटर उंचीची, वरून कमानीसारखी मूठ असलेली एक तांबूस चहादाणी मिळाली, आणि तिच्या अंगावर झिलईचे थेंब पडलेले होते.

या एका भांड्यानें जें सिद्ध झालें तें शिक्क्यांच्या सगळ्या याद्यांनीं मिळून झालें नाहीं. १५३३ पूर्वीं यीशिंगच्या मातीच्या चहादाण्या होत होत्या. त्या बंद न करतां भाजल्या जात होत्या. आणि चौचा शब्द, निदान कारखान्याच्या बाबतींत, विश्वसनीय आहे. आणि या सर्वांत जुन्या निश्चितकाल चहादाणीवर कोणाचेंही नांव नाहीं! डाग हा कारागिराच्या दृष्टीनें दोष. परीक्षकाच्या दृष्टीनें तोच दाखला. यीशिंगच्या आसपास यांगच्याओशान येथें १९७६ सालीं जुन्या आव्याचे अवशेष मिळाले, तेव्हां ही कला सुंग काळापर्यंत, म्हणजे आणखी चार-पांच शतकें मागें नेण्याचा पुष्कळांस मोह झाला. त्या खापऱ्या खरोखर तितक्या जुन्या काय, याविषयीं पुढें शंका घेण्यांत आल्या आहेत. कलेचें वय वाढलें म्हणजे तिचा मान वाढतो ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशी तिकडेही आहे.

आतां शिक्क्याकडे वळूं. मिंग काळाच्या अखेरीस शिक्का मारण्यापेक्षां नांव कोरण्याची चाल अधिक होती. त्या काळचा सर्वांत गाजलेला कारागीर शी दाबिन. त्याच्याविषयीं चौ सांगतो कीं, प्रथम तो कोणा सुंदर अक्षराच्या माणसाकडून भांड्यावर नांव लिहवून घेई आणि त्या रेघांवरून बांबूच्या सुरीनें कोरी. पुढें त्याचा हात इतका बसला कीं तो स्वतःच थेट कोरूं लागला, आणि त्याच्या अक्षरावरून रसिक त्याचीं भांडीं ओळखीत. परीक्षकांना हें वाक्य फार आवडतें. परंतु त्याच ग्रंथांत थोडें पुढें छेन छेन नांवाच्या मनुष्याची नोंद आहे, तिच्याकडे ते डोळेझांक करतात. या छेनचा धंदा चहादाण्यांवर नांवें कोरण्याचा होता, आणि त्या वेळचे पुष्कळ कारागीर तें काम त्याच्याकडून करून घेत. म्हणजे १६४० सालींच यीशिंगमध्यें भांडें एकाच्या हातचें आणि त्यावरची सही दुसऱ्याच्या हातची, असा उघड व्यवहार होता. त्यांत कोणी कोणाला फसवीत नव्हतें. पोथी लिहिणारा लेखक निराळा आणि ग्रंथकर्ता निराळा, हें आपण जसें सहज मानतों तसेंच तें होतें. परंतु अक्षराच्या वळणावरून भांड्याचा कर्ता ठरवूं पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन या एका नोंदीनें सरकते.

दाबिनचें नांव असलेलीं भांडीं जगभर संग्रहांत आहेत. तीं सर्व त्याचीं असतीं तर त्याला कित्येक जन्म घ्यावे लागले असते. त्यांपैकीं ज्यांवर निश्चयानें बोट ठेवतां येईल अशीं फार थोडीं, आणि तीं व्यापाऱ्यांकडून आलेलीं नाहींत, थडग्यांतून आलेलीं आहेत. च्यांगदू येथें १९६८ सालीं मिळालेली षट्कोनी चहादाणी १६१६ च्या थडग्यांतली; वूशी येथें १९८४ सालीं मिळालेली तीन पायांची चहादाणी १६२९ च्या दफनांतली; आणि फूच्येन प्रांतांतील चांगफू येथें १९८७ सालीं लू वेइचन या मोठ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, १६१२ च्या, थडग्यांतून निघालेली गोल चहादाणी, जिच्या झांकणावर लहान लहान तीन पाय आहेत. झांकण उलटें ठेवलें कीं तें त्या पायांवर उभें राहतें. या तिघींत जें साम्य आहे तें शिकण्यासारखें आहे. घडण अत्यंत संयमाची. माती निवडलेली, पण पिठासारखी बारीक केलेली नव्हे. अंगावर कण दिसतात. सजावट जेथें आहे तेथें ती बेताचीच आहे. आणि दाबिनच्या नांवानें बाजारांत जीं भांडीं फिरतात तीं बहुधा याच्या उलट असतात: गुळगुळीत अंग, फुलांपानांचा भार, आणि नांव मात्र ठसठशीत. खोटें करणारा आपल्या गिऱ्हाइकाची कल्पना ओळखून भांडें करतो. त्याला सतराव्या शतकाशीं कर्तव्य नसतें. म्हणूनच खोटें भांडें ज्या काळांत झालें त्या काळाची रुचि तें उत्तम सांगतें.

दुसरें मोठें नांव ह्वे मंगछेन याचें. हा मिंग काळाची अखेर आणि छिंग काळाचा आरंभ या सुमारास होऊन गेला असें मानतात. फूच्येनच्या किनाऱ्यावर व छाउचौ भागांत लहानशा चहादाणींत पानें गच्च भरून, पेरूएवढ्या त्या भांड्यांतून बोटभर पेल्यांत चहा ओतण्याची जी रीत आहे, तिच्यांत वापरावयाच्या लहान चहादाणीला 'मंगछेन' असेंच म्हणूं लागले. व्यक्तीचें नांव जातीचें नांव झालें. एकदां असें झालें म्हणजे त्या नांवाचा शिक्का ही सही राहत नाहीं. 'हें भांडें अमुक कामाचें आहे' एवढेंच तो सांगतो. अठराव्या शतकांत तो आहे, एकोणिसाव्यांत आहे, आणि १९७० नंतरच्या दशकांत यीशिंगच्या सरकारी कारखान्यांत परदेशीं पाठविण्यासाठीं हजारोंनीं केलेल्या साध्या तांबड्या चहादाण्यांच्या बुडाशींही 'चिंगशी येथील ह्वे मंगछेन यानें केली' हीच अक्षरें आहेत. तेथल्या कामगारांना आपण बनावट माल करीत आहों असें वाटत नव्हतें, आणि वाटण्याचें कारणही नव्हतें. आपल्याकडील वाचकांस हें समजण्यास अडचण पडूं नये. 'नामा म्हणे' या मुद्रेचे जे अभंग गाथेंत आले आहेत त्यांत नामदेवांबरोबर विष्णुदास नाम्याचीही रचना मिसळली आहे, आणि ती निवडतांना आपल्या संशोधकांना मुद्रा बाजूस ठेवून भाषेकडेच पाहावें लागलें. त्या मुद्रेला ठकबाजी म्हणण्याची कोणाची जीभ रेटणार नाहीं.

छेन मानशंगची (१७६८–१८२२) गोष्ट याहून निराळी. तो कवि, चित्रकार आणि मुद्रा कोरण्यांत निष्णात. यीशिंगशेजारच्या लीयांग तालुक्याचा अधिकारी असतांना त्यानें चहादाण्यांचे आकार सुचविले, यांग फंगन्येन वगैरे कारागिरांनीं त्या घडविल्या, आणि त्यानें व त्याच्या मित्रांनीं त्यांवर लेख कोरले. बुडाशीं विद्वानाच्या दालनाचें नांव, कानाखालीं कारागिराचा लहान शिक्का. श्रमविभागाची अशी प्रामाणिक नोंद या कलेंत विरळाच. पण ही दुहेरी खूणही पुढें सर्रास नक्कल झाली, म्हणून तिचा येथें अधिक विस्तार करीत नाहीं.

या सर्व प्रश्नाचें खरें टोंक विसाव्या शतकांत पुढें आलें. १९३० नंतरच्या काळांत शांघायच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनीं यीशिंगचे उत्तमोत्तम तरुण कारागीर नेमून त्यांच्याकडून जुन्या नांवांचीं भांडीं करविलीं. गू चिंगचौ (१९१५–१९९६) त्यांत होता. च्यांग रोंग (१९१९–२००८) ही त्यांत होती. फेइ शीमिन तर छेन मिंगयुआन या खांगशी काळच्या कारागिराचा दुसरा अवतार म्हणूनच ओळखला गेला. हीं मंडळी पुढें या कलेचीं शिरोभूषणें झालीं. यांच्या हातच्या नकला मूळ भांड्यांपेक्षां कमी प्रतीच्या असतील असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. मिंगयुआनच्या नांवावर खपणाऱ्या कित्येक सामान्य भांड्यांहून त्या सरस असणेंच संभवनीय. मग बिघडलें काय? डोळ्यांना जें सुंदर आहे तें सुंदर आहे, नांव कोणाचेंही असो, असें म्हणणारा रसिक भेटतो, आणि त्याचें म्हणणें ऐकावयास गोड वाटतें.

आम्हांस तें पटत नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, हा रसिक व्यवहारांत तसा वागत नाहीं. नांव गेलें कीं त्याला भांड्यांत दोष दिसूं लागतात. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची: १९३५ च्या सुमाराची कृति १७०० च्या सुमाराची म्हणून स्वीकारली तर दोन माणसांवर अन्याय होतो. मिंगयुआनच्या नांवावर त्यानें न केलेलें काम चढतें, आणि त्याची आपल्या मनांतील प्रतिमा हळुहळू शांघायच्या दुकानदारानें घडविलेली प्रतिमा होऊन बसते. आणि वीस-बावीस वर्षांच्या ज्या मुलानें पोटासाठीं आपलें उत्तम काम परक्याच्या नांवें दिलें, त्याचें तें काम कायमचें बुडतें. अशीं किती कामें आज कोणत्या कपाटांत आहेत हें सांगणारे हात आतां उरले नाहींत. खऱ्याखोट्याचा निर्णय हा किंमतीचा प्रश्न आहे असें समजून विद्वान् लोक तो व्यापाऱ्यांवर सोंपवितात, तें यासाठीं चूक आहे.

मग पाहावें तरी काय? शिक्का झांकून ठेवावा आणि भांड्याच्या आंत पाहावें, हें आमचें पहिलें उत्तर. इटालींतील मोरेल्ली (१८१६–१८९१) या टीकाकारानें चित्रांचे कर्ते ओळखण्यासाठीं मुखावरचे भाव सोडून कानांच्या पाळ्या आणि नखें पाहिलीं. कारण नक्कल करणारा मुखावर लक्ष देतो, आणि कान संवयीनें काढून मोकळा होतो. चहादाणीचें मुख म्हणजे शिक्का, आकार आणि बाहेरचें अंग. तिची नखें आंतल्या बाजूस असतात.

यीशिंगची जुनी रीत चाकावर भांडें चढविण्याची नव्हे. मातीची पट्टी लांकडी थापटण्यानें चोपून ती वाटोळी वळवितात, टोंकें जोडतात, आणि थापटीत थापटीत पोटाला फुगवटा देतात. बूड आणि खांदा हे वेगळे तुकडे लावतात. बाहेरून हे सांधे घांसून नाहींसे होतात, आंतून पुष्कळदां राहतात. आंतील भिंतीवर चाकाच्या गोल गोल रेघा दिसल्या तर त्या भांड्याच्या जुनेपणाविषयीं जबरदस्त संशय घ्यावा. १९५० नंतरच्या दशकांत कारखान्यांत प्लास्टरचे साचे आले. पुढें पातळ चिखल साच्यांत ओतूनही तांबड्या चहादाण्या करूं लागले, आणि अशा भांड्याच्या आंतील अंग निर्जीव गुळगुळीत असतें. परंतु साचा म्हणजे नवें असा सरसकट नियम करतां येत नाहीं. लांकडाचे व मातीचे साचे पूर्वींही होते.

तोटी जेथें पोटाला लागते तेथें आंतून किती भोंकें आहेत, हें दुसरें स्थळ. जुन्या भांड्यांत बहुधा एकच भोंक असतें. अनेक भोंकांची चाळण छिंग काळाच्या उत्तरार्धापासून अधिक आढळते. आणि अर्ध्या चेंडूसारखी फुगीर चाळण १९७० नंतरच्या दशकांतली. ही फुगीर चाळण असलेलें भांडें कोणी खांगशी काळचें म्हणून दाखविलें तर वाद घालण्याचें कारण नाहीं. याच्या उलट मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं. एकच भोंक पाडणें कोणालाही येतें, आणि १९७० नंतरही तें पाडीत होतेच. या शास्त्रांतील बहुतेक खुणांची हीच गत आहे: त्या भांडें नवें ठरवूं शकतात, जुनें ठरवूं शकत नाहींत. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें खुणांच्या याद्या पाठ करणारे लोक फसतात.

मातीचें तसेंच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मातींत बेरियमचा क्षार मिसळूं लागले, कारण त्यामुळें भाजल्यानंतर अंगावर पांढरे लवण फुटत नाहीं; रंग खुलविण्यासाठीं लोह, मँगनीज, कोबाल्ट यांचीं भस्मेंही घालतात. २०१० सालीं चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें हे प्रकार चव्हाट्यावर आणले तेव्हां मोठा गवगवा झाला. चहाच्या गिऱ्हाइकाला तें भय वाटलें तें सोडा. काल ठरविणाऱ्याला ही मिसळ उपकारकच आहे. पण तिचा अभाव पुन्हा मुका. आणि बाहेरच्या अंगावरचें तेज, ज्याला वर्षानुवर्षें हात फिरून आलेली कांति म्हणतात, तें तर सर्वांत फसवें. चहाच्या काढ्यांत उकळून, बुटाचें पॉलिश चोळून, मातींत पुरून तें महिन्याभरांत आणतां येतें. खरी झीज जेथें वापर होतो तेथेंच होते: झांकणाच्या कडेवर, तोटीच्या ओठावर, बुडाच्या टेंकत्या भागावर. आळशी नकलाकार सगळ्या अंगाला सारखेंच म्हातारपण देतो.

प्रयोगशाळेची मदत आहे, पण बेतानें. भाजलेली माती पुन्हा तापविली असतां जो मंद प्रकाश निघतो तो मोजून ती शेवटीं केव्हां भाजली याचा अंदाज करतात. त्यासाठीं भांड्याला भोंक पाडून चूर्ण घ्यावें लागतें, आणि उत्तर येतें तें ढोबळ. तीनशें वर्षांचें कीं तीस वर्षांचें, हें त्यानें कळेल. खांगशी काळचें कीं त्याच्या नातवाच्या काळचें, हें कळणार नाहीं.

राहिले समुद्र आणि परदेश. सतराव्या शतकांत डच व इंग्रज व्यापाऱ्यांनीं चहाबरोबर या चहादाण्या युरोपांत नेल्या. डेल्फ्टमध्यें आरी द मिल्दे यानें, इंग्लंडांत १६९० नंतर एलर्स बंधूंनीं, आणि सॅक्सनींत ब्योट्गर यानें १७१० च्या सुमारास त्यांच्या तांबड्या मातीच्या नकला केल्या. अठराव्या शतकांतील इंग्रज कुंभार तर बुडाशीं चिनी अक्षरांसारखी दिसणारी, कोणालाच वाचतां न येणारी चौकोनी मुद्राही उठवीत. शिक्का वाचण्यासाठीं नसून असण्यासाठीं असतो, याचें इतकें उघड उदाहरण चीनमध्यें मिळणार नाहीं! या नकला आमच्या कामाच्या आहेत, कारण १७१० च्या सुमारास सॅक्सनींत ज्या आकाराची नक्कल झाली तो आकार त्यापूर्वीं यीशिंगमध्यें होता, हें निर्विवाद. ड्रेस्डेनच्या राजसंग्रहांतील भांड्यांची यादी १७२१ पासून होत गेली. यादींत लागलेलें भांडें त्यानंतर केलेलें असूं शकत नाहीं. बुडालेलीं जहाजें त्याहून चांगलीं. १७५२ च्या आरंभीं बुडालेलें डच जहाज गेल्डरमाल्सन आणि १८२२ सालीं बुडालेलें चिनी जहाज तेक सिंग यांतून वर आलेल्या मालांत यीशिंगच्या चहादाण्याही होत्या. या मोठ्या कारागिरांच्या नव्हेत, बाजारी माल. पण साल पक्कें. ज्याला हें शास्त्र शिकावयाचें असेल त्यानें मोठ्या नांवांचीं भांडीं काहीं वर्षें बाजूस ठेवून हा बाजारी माल हातीं घ्यावा.

साम्यवादी राजवटींत कारखान्याच्या मालावर कांहीं काळ 'चीन, यीशिंग' एवढाच शिक्का असे. करणाऱ्याचें नांव नाहीं. हाँगकाँगचे संग्राहक लो क्वीसियांग, ज्यांच्या देणगीवर तेथील चहापात्रांचें संग्रहालय १९८४ सालीं उघडलें, त्यांनीं यीशिंगच्या कारागिरांकडून त्यांच्या स्वतःच्या नांवाचीं भांडीं मागविलीं. परिणाम असा झाला कीं नांव पुन्हा आलें, आणि त्याबरोबर नांवाची किंमतही. गू चिंगचौनें १९४८ सालीं केलेली, चित्रकार वू हूफान याचें चित्र व लेख असलेली एक चहादाणी २०१० च्या लिलांवांत एक कोटि तेवीस लक्ष वीस हजार युआनला गेली. ज्यानें तरुणपणीं दुसऱ्यांचीं नांवें घातलीं त्याच्याच नांवाचीं खोटीं भांडीं आतां ढिगांनीं निघतात.

बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गोंगछुनच्या नांवाची एक चहादाणी आहे. झाडाच्या खोडावर गांठ येते तशी ती ओबडधोबड आहे, आणि कानाखालीं गोंगछुनचें नांव कोरलेलें आहे. यीशिंगचे छू नानछियांग यांना ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मिळाली, आणि १९५२ सालीं त्यांनीं ती सरकारास दिली. तिचें मूळ झांकण नव्हतें. ह्वांग यूलिन या कारागिरानें तिला भोपळा समजून देंठासारखें झांकण केलें होतें; पुढें चित्रकार ह्वांग बिनहोंग यांनीं हा भोपळा नव्हे, झाडाची गांठ आहे, असें सांगितल्यावरून फेइ शीमिन यानें गांठीस शोभेल असें नवें झांकण केलें. त्या झांकणावर ही हकीकतच कोरलेली आहे: करणारा कोण, भोपळा समजणारा कोण, पांचशें वर्षांनीं गांठ ओळखणारा कोण, एका इंग्रजानें वीस हजार देऊं केले तरी ती मिळाली नाहीं तें, नवें झांकण कोणाचें, आणि हा लेख कोणाचा. पांचशें वर्षें हा आंकडा लेखकानें हात सैल सोडून घातला आहे. चंगद कारकीर्दीपासून मोजलीं तर तीं सवाचारशेंही भरत नाहींत. भांड्याच्या अंगाविषयीं जाणकारांत मोठा मतभेद आहे. तें सोळाव्या शतकाचें नसून एकोणिसाव्या शतकांतलें असावें, कदाचित् खुद्द ह्वांग यूलिनच्याच हातचें, असें म्हणणारे आहेत. नानजिंगच्या १५३३ च्या चहादाणीशेजारीं ठेवून पाहिलें असतां आम्हांसही तो पक्ष बळकट वाटतो. त्या चहादाणींत उपयोगाचा साधेपणा आहे. हिच्यांत आपण पुराणवस्तु आहों याची जाणीव आहे. संग्रहालयाची चिठ्ठी लिहिण्याचें काम आमच्याकडे असतें तर आम्ही 'झांकण: फेइ शीमिन' असें निःशंक लिहिलें असतें, आणि अंगापुढें 'यीशिंगची माती, गोंगछुनचें नांव कोरलेलें' एवढ्यावर थांबलों असतों.